विक्री 31 लाख, क्यूआर पत्नीच्या खात्यावर: मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाचं जीएसटी आणि आयकराचं गणित

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. जत तालुक्यात तुमचं मोटर रिवाइंडिंग आणि इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. गेल्या वर्षापर्यंत विक्री 18 लाखांच्या आसपास होती. यंदा पंप विकायला ठेवले आणि धंदा वाढला. एप्रिल ते जानेवारी 26 लाख झाले, मार्चअखेर 31 लाखांवर जाईल असा तुमचा अंदाज आहे. त्यातले 22 लाख यूपीआयने येतील, 9 लाख रोख. दुकानातला क्यूआर पत्नीच्या बचत खात्याला जोडलेला आहे. विवरणपत्र एक एजंट भरतो आणि दरवर्षी 4 लाख 90 हजार उत्पन्न दाखवतो. घरची तीन एकर डाळिंबाची बाग आहे. कर्नाटकातल्या विजयपूरच्या पाहुण्यांकडून तुम्ही यूपीआयच्या जमेवरून आलेल्या जीएसटीच्या नोटिशींचं ऐकलंत आणि आता विचारताय की जीएसटी 40 लाखांपर्यंत लागत नाही ना, 12 लाखांपर्यंत कर नाही तर विवरणपत्र कशाला, बागेचं उत्पन्न दाखवायचं का, आणि जागेसाठी 10 लाखांचं कर्ज हवंय तर विवरणपत्रात किती दाखवू.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. ‘किती दाखवू’ हा प्रश्न मनातून काढून टाका. बाजारपेठेतले बहुतेक दुकानदार आधी कर किती परवडेल ते ठरवतात, त्यावरून उत्पन्न ठरतं आणि उत्पन्नावरून विक्री मागं मागं जुळवली जाते. ही उलटी वाट आहे. आधी खरी विक्री काढायची, तिच्यावरून उत्पन्न, आणि मग कर. तुमच्या बाबतीत या सरळ वाटेनं गेलं तर आयकर शून्य निघतो. तुमचं खरं काम जीएसटीचं आहे, आणि तिथं तुम्हाला उशीर झालेला आहे.

विक्री काढायला बँकेचं स्टेटमेंट घ्या, पत्नीच्या खात्याचं आणि तुमच्या स्वतःच्या खात्याचंही. त्यातून दुकानाचे नसलेले जमा आकडे पेन्सिलीनं बाजूला काढा: भावानं मुलाच्या फीसाठी पाठवलेले पैसे, भिशीचे आलेले, मुदत ठेव मोडून जमा झालेले, डाळिंबाच्या व्यापाऱ्यानं दिलेले. प्रत्येकापुढं दोन शब्दांत कारण लिहा. आज हे आठवतं, तीन वर्षांनी कुणी विचारलं तर आठवणार नाही. रोखीची विक्री रोजमेळावरून घ्या. रोजमेळ नसेल तर आजपासून एक साधी वही घाला आणि संध्याकाळी गल्ला मोजून त्या दिवसाचा एक आकडा लिहा, एवढं पुरे. उधारीवर गेलेला मालही विक्रीतच धरायचा, पैसे हातात आले नसले तरी.

क्यूआरचं आधी निस्तरा. दुकान तुमचं, कष्ट तुमचे, पण पैसे पत्नीच्या पॅनवर जमा होतात. उद्या विचारणा झाली तर ती त्यांच्या नावानं होईल, आणि त्यांचं ना विवरणपत्र आहे ना हिशेब. दुकानाच्या नावानं चालू खातं उघडा. गुमास्ता कायद्याखाली वीसपेक्षा कमी कामगारांच्या दुकानाला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तिची पावती आणि सरकारी पोर्टलवर फुकट होणारी उद्यम नोंदणी बँकेला दाखवा. क्यूआर त्या खात्याला जोडा आणि जुना स्टिकर काउंटरवरून खरवडून काढा. दोन्ही ठेवलेत की गिऱ्हाईक सवयीनं जुनाच स्कॅन करतं. यंदा पत्नीच्या खात्यात आलेली दुकानाची रक्कम तुमच्याच विक्रीत धरायची. त्यांचं स्वतःचं उत्पन्न नसेल तर त्या पैशावर त्यांना कर नाही, पण दोन्ही खात्यांचा मेळ दाखवणारा एक कागद आजच करून फाईलला लावा.

आता जीएसटी. 40 लाखांची मर्यादा खरी आहे, पण ती फक्त माल विकणाऱ्याला. सेवा देणाऱ्याला मर्यादा 20 लाखांची, आणि माल व सेवा दोन्ही असतील तरीही 20 लाखांचीच. रिवाइंडिंग ही सेवा आहे. वायर, स्विच, पंप एवढंच विकत असता तर 31 लाखांवर तुम्हाला नोंदणी लागलीच नसती. वर्षाची 4 लाखांची मजुरी आहे म्हणून तुमची मर्यादा 20 लाखांवर आली. मोबाईल दुरुस्तीवाले, गॅरेजवाले, शिवणकामासोबत कापड विकणारे, सगळ्यांची हीच गत होते. 40 लाखांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, त्यामागची अट कुणी सांगत नाही.

तुमच्या आकड्यांवरून नोव्हेंबरच्या अखेरीस 20 लाख ओलांडले गेले. कायद्यानं त्यानंतर 30 दिवसांत अर्ज करायला हवा होता. वेळेत केला असता तर नोंदणी त्या दिवसापासून धरली गेली असती आणि शिल्लक मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, घेण्याची वाटही उघडी राहिली असती. आता नोंदणी मिळेल ती मंजुरीच्या तारखेपासून, आणि मधल्या काळाच्या विक्रीवर कर तुमच्या अंगावर राहील. जानेवारीअखेरपर्यंत हा मधला काळ साधारण 6 लाख विक्रीचा आहे. सगळा माल 18 टक्क्यांचा धरला आणि घेतलेल्या किमतीतच कर आहे असं मानलं, तर 6 लाखांतून 91 हजारांच्या पुढं-मागं कर निघतो, वर वर्षाला 18 टक्के दरानं व्याज. हा वरच्या टोकाचा अंदाज आहे. बिलं बघून स्थानिक सल्लागाराकडून नेमका आकडा काढून घ्या. पण रोज दुकान उघडतंय तसा तो वाढतोय, म्हणून हा आठवडा सोडू नका.

हा कर नोटीस यायच्या आधी आपणहून व्याजासकट डीआरसी-03 या जीएसटीच्या फॉर्मनं भरला तर दंड टळतो. नोटिशीनंतर भरायला गेलात की तुमच्या हेतूवरच चर्चा सुरू होते. 91 हजार ही लहान रक्कम नाही, हे मी जाणतो. तरीही भरून मोकळं होण्याचाच सल्ला देईन, कारण याच आकड्यांवर तुम्हाला बँकेत कर्ज मागायला जायचंय.

पुढच्या काळासाठी तुम्हाला कंपोझिशन योजना बसू शकते. दीड कोटींपर्यंतच्या व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर 1 टक्का भरावा लागतो. 31 लाखांवर वर्षाचे 31 हजार, म्हणजे तिमाहीला पावणेआठ हजारांच्या आसपास. तो गिऱ्हाईकाकडून वेगळा घ्यायचा नाही, आपल्या नफ्यातून भरायचा. खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही, पण नोंदणी नसल्यामुळं ते तुम्हाला आजही मिळत नाही. म्हणजे आजच्यापेक्षा वाढणारा बोजा तेवढाच 1 टक्क्याचा. दर तिमाहीनंतर 18 तारखेपर्यंत सीएमपी-08 हा फॉर्म भरून कर भरायचा, आणि वर्षातून एकदा 30 जूनपर्यंत जीएसटीआर-4 हे विवरणपत्र. दुकानात कंपोझिशनचा बोर्ड लावायचा आणि बिलावर कर वेगळा दाखवायचा नाही.

यात एक अट आहे ती नीट समजून घ्या, तुमच्या धंद्यात सगळं तिच्यावर ठरतं. कंपोझिशनमधल्या व्यापाऱ्याला सेवाही देता येते, पण मर्यादेत: राज्यातल्या उलाढालीच्या 10 टक्के किंवा 5 लाख, यांतलं जे जास्त असेल तेवढी. तुमचे 10 टक्के 5 लाखांच्या आतच येतात, म्हणून तुमची मर्यादा 5 लाख. मजुरी 4 लाख आहे, म्हणजे बसतं. पण बिल कसं करता? शेतकरी बोअरची जळालेली मोटर घेऊन येतो, तुम्ही ती उघडता, जुनं वाइंडिंग काढून नवी तांब्याची तार भरता, बेअरिंग बदलता आणि ‘5 एचपी रिवाइंडिंग, 5,200’ असं एका ओळीत लिहून देता. तार आणि बेअरिंगचे वर्षाचे अडीच लाख या एका ओळीत मिसळले की सगळंच सेवेचं बिल धरलं जाऊ शकतं. मग सेवा साडेसहा लाखांची होते आणि तुम्ही 1 टक्क्याच्या योजनेबाहेर पडता. कंपोझिशनमध्येच राहायचं तर मग 6 टक्क्यांची योजना उरते, आणि ती पंपाच्या विक्रीवरही 6 टक्के घेईल. पंपावर तेवढा निव्वळ नफा तरी सुटतो का?

तेव्हा बिलावर तांब्याची तार किती किलो आणि कोणत्या दरानं, बेअरिंग किती, मजुरी किती, हे वेगवेगळ्या ओळींत लिहायला लागा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं जून 2018 च्या परिपत्रकात वाहनांच्या सर्व्हिसिंगबद्दल हाच खुलासा केला आहे की सुटे भाग आणि मजुरी यांची किंमत वेगळी दाखवली तर दोन्हींवर आपापल्या दरानं कर लागतो. तुमचं काम त्याच जातीचं आहे. आकडे मात्र खरे हवेत. मजुरी मुद्दाम घटवून तारेचा दर फुगवलात तर तारेची खरेदी बिलंच तुमच्या विरोधात बोलतील.

कंपोझिशनवाल्याला दुसऱ्या राज्यात माल पाठवता येत नाही. अथणीच्या किंवा विजयपूरच्या पाहुण्याला पंप गाडीत घालून पाठवायची सवय असेल तर ती बंद करा, नाहीतर नियमित नोंदणी घ्या. तुमची गिऱ्हाईकं शेतकरी आहेत, त्यांना क्रेडिटशी काही देणंघेणं नाही, म्हणून कंपोझिशन तुम्हाला सोयीचं. उद्या कारखाना, ठेकेदार किंवा निर्यातदाराचं पॅकहाऊस अशी गिऱ्हाईकं वाढली तर ती कराचं बिल मागतील, तेव्हा नियमित नोंदणीचा विचार करा. त्या वेळी भाड्याकडे लक्ष द्या. जागामालक जीएसटीत नसेल तर 10 ऑक्टोबर 2024 पासून दुकानाच्या भाड्यावरचा 18 टक्के कर नियमित नोंदणीवाल्या भाडेकरूनं स्वतः भरायचा असतो. त्याचं क्रेडिट मिळतं, पण आधी रोख भरावा लागतो. कंपोझिशनवाल्याला ही कटकट नाही.

विजयपूरच्या पाहुण्यांनी सांगितलं ते खरं आहे. जुलै 2025 मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्यानं 2021-22 पासूनच्या यूपीआय जमेवरून छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा काढल्या. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला चार वर्षांच्या 1 कोटी 63 लाखांच्या जमेवर 29 लाखांची मागणी गेली. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, त्यामुळं मोठा गदारोळ झाला. बंगळूरमध्ये दुकानांवरचे क्यूआर उतरले, ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या, आणि शेवटी करमाफ मालाच्या विक्रेत्यांची जुनी थकबाकी मागणार नाही असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. यातून ‘यूपीआय बंद करा’ हा धडा घेऊ नका. यूपीआय जमेवर म्हणून कोणताही कर नाही. विक्रीवर आहे, आणि ती रोखीत केली तरी विक्रीच. तिथल्या अनेकांची अडचण ही होती की खात्यात घरचे, उसनवारीचे आणि दुकानाचे पैसे एकत्र होते आणि वेगळे करून दाखवायला कागद नव्हता. म्हणून तर वर पेन्सिलीचं काम सांगितलं.

आयकराकडे येऊ. पुढचं सगळं आर्थिक वर्ष 2025-26 साठी आहे. तुमच्यासारख्या धंद्याला कलम 44एडीची अनुमानित योजना आहे. रोखीच्या विक्रीवर किमान 8 टक्के आणि यूपीआय किंवा बँकेतून आलेल्या रकमेवर किमान 6 टक्के नफा धरायचा. सविस्तर हिशेबपुस्तकं आणि ऑडिट लागत नाही. मर्यादा 2 कोटींची, आणि रोख जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 3 कोटींची. उधारीचे पैसे विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत बँकेतून आले तर त्यांनाही 6 टक्केच. पंप कंपनीकडून वेगळं कमिशन मिळत असेल तर ते या योजनेत बसत नाही, ते सल्लागाराला वेगळं सांगा. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू होतो. त्यात ही योजना कलम 58 मध्ये गेली आहे, तेव्हा पुढच्या वर्षी कागदावर 44एडी दिसलं नाही तर गोंधळून जाऊ नका.

तुमचा किमान नफा असा: 22 लाखांचे 6 टक्के 1 लाख 32 हजार, 9 लाखांचे 8 टक्के 72 हजार, मिळून 2 लाख 4 हजार. बरेच जण इथंच थांबतात. पण हे किमान आहे. प्रत्यक्ष कमाई जास्त असेल तर जास्त दाखवायची, असं त्याच कलमात लिहिलंय. आता तुमची खरी कमाई बघू. मजुरी 4 लाख. मालाच्या 27 लाखांवर तुम्ही म्हणता तसे 15 टक्के सुटतात, म्हणजे 4 लाख 5 हजार. यातून भाडं 96 हजार, कामावरच्या मुलाचा पगार 1 लाख 8 हजार आणि वीज वगैरे 36 हजार वजा केले की 5 लाख 65 हजार उरतात. तुमचं उत्पन्न हे. मधल्या काळाचा जीएसटी खिशातून भरलात तर प्रत्यक्ष हातात राहणारे पैसे त्या मानानं कमी होतील, ते अंतिम हिशेबात बघता येईल.

यावर कर किती? नव्या कररचनेत पहिले 4 लाख मोकळे. उरलेल्या 1 लाख 65 हजारांवर 5 टक्के, म्हणजे 8,250. कलम 87एची सूट 60 हजारांपर्यंत आहे आणि 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळते, म्हणून कर शून्य. 4 लाख 90 हजार दाखवले असते तरी शून्यच होता. मग आकडा खाली ओढून एजंटनं तुमचा फायदा काय केला? 4 लाख 90 हजारांची ही सवय जुन्या कररचनेतली आहे, तिथं सूट 5 लाखांपर्यंत होती म्हणून सगळे त्या रेषेच्या जरा खाली थांबायचे. बँकेत मात्र फरक पडतो. 10 लाखांच्या कर्जाचा हप्ता बसवताना शाखेतला अधिकारी विवरणपत्रातल्या उत्पन्नातून घरखर्च वजा करून बघतो. 2 लाख 4 हजार दाखवलेत तर तो मुद्रा योजनेतल्या ‘तरुण’ गटाच्या कर्जाची फाईल पुढं सरकवणारच नाही. आणि त्याच्या उलट, कर्जासाठी एका वर्षी 9 लाख दाखवून पुढच्या वर्षी 3 वर येऊ नका. तीन वर्षांची विवरणपत्रं शेजारी ठेवली की ते लगेच नजरेत भरतं.

विवरणपत्र भरायचं का, तर हो, भरायलाच हवं. कर शून्य असणं आणि विवरणपत्र न लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सूट मिळायच्या आधीचं उत्पन्न 4 लाखांच्या वर गेलं की विवरणपत्र सक्तीचं. मुदतीनंतर भरलंत तर 5 लाखांवरच्या उत्पन्नाला 5 हजार विलंब शुल्क, शून्य करावरसुद्धा. ही 12 लाखांची सूट शेअरवरच्या भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला लागू नाही, आणि मोबाईलवर फ्युचर्स-ऑप्शन्स करत असाल तर ते धंद्याचं उत्पन्न ठरून विवरणपत्राचा फॉर्मच बदलतो.

44एडीत एक बंधन आहे. एकदा या योजनेत आलात आणि पुढच्या पाच वर्षांत कधी 6-8 टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवून बाहेर पडलात, तर त्यानंतर पाच वर्षं परत येता येत नाही, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेवर असेल तर हिशेबपुस्तकं व ऑडिट मागं लागतं. तुमच्या मार्जिनला ही भीती नाही. पण पंपाची घाऊक विक्री वाढवून 3-4 टक्क्यांवर आलात तर हे आधी आठवा. पुढं कर लागायला लागला तर या योजनेत आगाऊ कर एकाच हप्त्यात, 15 मार्चपर्यंत भरायचा असतो.

डाळिंबाच्या बागेचं उत्तर सातबाऱ्यावर आहे. जमीन वडिलांच्या नावावर असेल, तेच कसत असतील आणि व्यापाऱ्याची पट्टी (विक्रीची पावती) त्यांच्या नावानं निघत असेल, तर ते उत्पन्न त्यांचं. तुमच्या विवरणपत्रात ते घालू नका, आयटीआर-4 हा विवरणपत्राचा सोपा फॉर्म भरा. सातबारा तुमच्या नावावर असेल तर मात्र दाखवायचं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण ते 5 हजारांच्या वर गेलं की आयटीआर-4 चालत नाही, आयटीआर-3 लागतो. 44एडीचा फायदा आयटीआर-3 मध्येही मिळतो, फॉर्म तेवढा मोठा. आपल्याकडे सोप्या फॉर्मसाठी बागेचं उत्पन्न सर्रास गाळलं जातं, आणि पुढं त्याच पैशातून प्लॉट घेतला की पैसा कुठून आला हे दाखवायला काही उरत नाही.

दाखवल्यानं कर वाढेल ही भीती काढून टाकायला आकडे देतो. खर्च जाऊन बागेचे 3 लाख राहिले असं धरू. 5 लाख 65 हजार आणि 3 लाख मिळून 8 लाख 65 हजार, त्यावर कर 26,500. शेतीचे 3 लाख अधिक मोकळे 4 लाख, अशा 7 लाखांवरचा कर 15 हजार. वजाबाकी 11,500, आणि तो 87एच्या सुटीत संपूर्ण जातो. कर पुन्हा शून्य. खर्च म्हणून औषधं, खतं आणि मजुरीच्या पावत्या जपून ठेवा, व्यापाऱ्याची पट्टी तर हवीच.

गेल्या वर्षी एजंटनं विक्री 12 लाख दाखवली आणि खरी 18 लाख होती, हे तुम्ही लिहिलंय. विक्री 20 लाखांच्या आत असल्यानं जीएसटीचा प्रश्न नाही, आणि 2024-25 साठी नव्या रचनेतली सूट 7 लाखांपर्यंत होती. तुमच्या खऱ्या उत्पन्नावर कर निघत असेल तर अपडेटेड (मागाहून सुधारलेलं) विवरणपत्र 48 महिन्यांपर्यंत भरता येतं, त्यावर जादा करही लागतो. कर वाढतच नसेल तर त्या वाटेचा उपयोग नाही. तशा वेळी खऱ्या विक्रीचा मेळ आणि बँकेचे उतारे फाईलला लावून ठेवा, आणि यंदा 31 लाख तेच लिहा. आयटीआर-4 मध्ये जीएसटी क्रमांक आणि त्यातली उलाढाल विचारलेली असते, तिथं दोन वेगळे आकडे दिसता कामा नयेत.

रोखीचे दोन नियम पाठ करून ठेवा. एका व्यवहारात 2 लाख किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होतो. पंप, पाइप, केबल, स्टार्टर मिळून अडीच लाखांचं बिल झालं आणि शेतकरी डाळिंबाच्या पट्टीचे रोख पैसे घेऊन आला, तर दोन दिवसांत दोन हप्त्यांत घेतले तरी बिल एकच आहे. त्याला बँकेतून पाठवायला सांगा. हातउसने 20 हजार किंवा जास्त असतील तर तेही बँकेतूनच, मेव्हण्याकडून घेतलेले असले तरी. देणारा-घेणारा दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं असेल तर सवलत आहे, तुमचं दुकान असल्यामुळं तुम्हाला ती नाही. व्यवसाय कराचं राहिलं: स्वतःचा, म्हणजे पीटीईसी नोंदणीखालचा, वर्षाला 2,500, आणि कामावरच्या मुलाचा पगार महिना 9 हजार असल्यानं त्याच्यातून महिना 175 कापून पीटीआरसी या मालकाच्या नोंदणीखाली भरायचे.

आणखी एक काम आजच करा. आयकराच्या पोर्टलवर स्वतःच्या पॅननं लॉगिन करून प्रोफाइलमध्ये मोबाईल आणि ईमेल कुणाचा आहे ते बघा. एजंटचा असेल तर बदला. खात्याची नोटीस त्या ईमेलवर जाते, आणि ती एजंटच्या इनबॉक्समध्ये पडून राहिली तरी तुम्हाला बजावली गेली असंच धरतात. पासवर्डही बदला. तिथंच वार्षिक माहिती विवरण म्हणजे एआयएस उघडा, तुमचं आणि पत्नीचंही. बचत खात्यात वर्षात 10 लाखांवर रोख भरली गेली असेल तर ती नोंद तिथं दिसेल. यूपीआयच्या जमा तिथं दिसल्या नाहीत म्हणून त्या कुणाला कळत नाहीत असं समजू नका. आणि विवरणपत्र भरल्यावर 30 दिवसांत आधारच्या ओटीपीनं त्याची पडताळणी स्वतःच्या मोबाईलवरून करा. ती राहिली तर भरलेलं विवरणपत्र न भरल्यासारखंच होतं, आणि पोर्टलवरची पावती दाखवली तरी बँक ते धरत नाही.